उमेदवार ठरवण्याचा अधिकार कुणाचा?

२१ जुलै २०२४ रोजी अमेरिकेचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष जो बायडेन यांनी निवडणुकीच्या रिंगणातून माघार घेतली. त्याआधीच्या सहा महिन्यांत राज्याराज्यांतील डेमोक्रॅटिक मतदारांनी त्यांच्या पारड्यात १ कोटी ४० लाखांच्या आसपास मते टाकली होती. पक्षाच्या उमेदवारीसाठी लागणारे बहुमत त्यांनी मार्चमध्येच गाठले होते. तरीही माघारीनंतर अवघ्या पंधरवड्यात, बायडेन यांच्या नावावर निवडल्या गेलेल्या त्याच प्रतिनिधींनी कमला हॅरिस यांना उमेदवारी बहाल केली. मतदानात भाग घेतलेल्या प्रतिनिधींपैकी सुमारे ९९ टक्के हॅरिस यांच्या बाजूने उभे राहिले. त्या वर्षीच्या एकाही राज्यातील प्राथमिक निवडणुकीत हॅरिस अध्यक्षपदाच्या उमेदवार नव्हत्या.

रिपब्लिकन नेत्यांनी यावर लोकशाहीची पायमल्ली झाल्याची टीका केली. डेमोक्रॅटिक नेत्यांनी ते पक्षाच्या ऐक्याचे दर्शन मानले. यात नियमभंग मात्र कुठेच झाला नव्हता. जे घडले ते लिखित नियमांच्या चौकटीत घडले. अमेरिकेतील प्रायमरी म्हणजे मतदारांनी थेट उमेदवार निवडणे, असा जो समज जगभर रूढ आहे, तो अर्धाच खरा असल्याचे त्या पंधरवड्याने दाखवून दिले. मतदार उमेदवाराला कौल देतात, त्या कौलाचे रूपांतर प्रतिनिधींच्या संख्येत होते आणि उमेदवार अखेर प्रतिनिधी ठरवतात. या तीन पायऱ्यांमधील प्रत्येक ठिकाणी कुणाच्या तरी हाती सत्ता असते.

राज्यघटनेच्या बावीसाव्या दुरुस्तीमुळे डोनाल्ड ट्रम्प २०२८ मध्ये पुन्हा निवडून येऊ शकत नाहीत. म्हणजेच त्या वर्षी दोन्ही पक्षांत मैदान मोकळे असेल. कोणत्या राज्याने आधी मतदान करायचे याची फेरमांडणी डेमोक्रॅटिक पक्षाने हाती घेतली आहे. वरकरणी ही वेळापत्रकाची बाब वाटते. प्रत्यक्षात तिच्यावर पुढील अध्यक्ष कोण होणार हे काही प्रमाणात अवलंबून असते. म्हणून ही यंत्रणा मुळापासून समजून घेणे आवश्यक ठरते.

घटनेत नसलेली निवडणूक

अमेरिकेच्या राज्यघटनेत राजकीय पक्षांचा उल्लेखच नाही. पक्षाने उमेदवार कसा निवडावा याविषयी ती मौन बाळगते. त्यामुळे आज दिसणारी व्यवस्था तीन हातांनी मिळून घडवली आहे: राष्ट्रीय पक्षाचे नियम, राज्यांचे कायदे आणि राज्यपातळीवरील पक्षशाखांचे निर्णय. हे तीन हात नेहमी एकाच दिशेने चालतात असे नाही.

प्रत्येक पक्ष दर चार वर्षांनी राष्ट्रीय अधिवेशन भरवतो. उमेदवारीवर औपचारिक शिक्कामोर्तब तेथे होते. अधिवेशनात मत देणारे ते प्रतिनिधी. कोणत्या राज्याला किती प्रतिनिधी मिळतील हे पक्ष ठरवतो. लोकसंख्या हा एक निकष असतोच, पण मागील निवडणुकांत त्या राज्याने पक्षाला किती साथ दिली याचाही विचार होतो. २०२४ मध्ये रिपब्लिकन पक्षाचे एकूण २,४२९ प्रतिनिधी होते. उमेदवारीसाठी १,२१५ प्रतिनिधींचे बहुमत लागत होते. ट्रम्प यांनी ते १२ मार्च रोजीच मिळवले. मिलवॉकी येथील अधिवेशन भरले तेव्हा जुलै उजाडला होता.

हे प्रतिनिधी म्हणजे बहुतांशी पक्षाचे स्थानिक कार्यकर्ते, नगरपातळीवरील लोकप्रतिनिधी, कामगार संघटनांचे पदाधिकारी, शिक्षक, वकील. जिल्हा आणि राज्य पातळीवरील पक्षाच्या बैठकांतून किंवा थेट मतपत्रिकेवरून त्यांची निवड होते. डेमोक्रॅटिक पक्षात तर, ज्याच्या नावावर प्रतिनिधी जाणार त्या उमेदवाराला इच्छुकांची यादी तपासून नको असलेली नावे वगळण्याचा अधिकार असतो. प्रायमरीच्या आकड्यांवर सगळ्यांची नजर असते. या नावांकडे क्वचितच कुणाचे लक्ष जाते. २०२४ च्या उन्हाळ्यात मात्र ही अप्रसिद्ध नावेच निर्णायक ठरली.

प्रायमरी आणि कॉकस

मतदारांचा कौल घेण्याच्या दोन रीती आहेत. प्रायमरी ही राज्य सरकार सार्वजनिक खर्चाने घेते. मतदान केंद्रे, मतपत्रिका, टपाली मतदान, मतमोजणी हे सारे सार्वत्रिक निवडणुकीसारखेच असते. कॉकस ही पक्षाने भरवलेली सभा असते. ठरलेल्या संध्याकाळी शाळेत, वाचनालयात किंवा चर्चच्या सभागृहात मतदार जमतात, उमेदवारांच्या वतीने भाषणे होतात आणि तेथेच कौल घेतला जातो. कॉकससाठी वेळ काढावा लागतो, हजर राहावे लागते. रात्रपाळीचा कामगार, तान्हे मूल असलेली आई, आजारी वृद्ध यांना ते साधत नाही. जानेवारी २०२४ मध्ये आयोवाच्या रिपब्लिकन कॉकसला सुमारे १ लाख १० हजार लोक आले. त्या राज्याची लोकसंख्या ३२ लाखांच्या घरात आहे.

दोन रीतींमधील फरक किती निर्णायक असू शकतो, याचे उदाहरण त्याच वर्षी नेवाडाने घालून दिले. राज्याच्या कायद्यानुसार तेथे ६ फेब्रुवारीला प्रायमरी झाली. रिपब्लिकन पक्षशाखेने मात्र प्रतिनिधी आपल्या कॉकसमधूनच निवडले जातील असे ठरवले आणि ८ फेब्रुवारीला वेगळी कॉकस घेतली. प्रायमरीत उतरणाऱ्याला कॉकसमध्ये भाग घेता येणार नव्हता. निकी हेली प्रायमरीत उतरल्या. तेथे ट्रम्प यांचे नाव नव्हते, तरी हेली यांचा पराभव झाला. भारतातील ‘नोटा’शी मिळताजुळता असा एक पर्याय नेवाडाच्या मतपत्रिकेवर असतो आणि त्यालाच सर्वाधिक मते पडली. दोन दिवसांनी ट्रम्प यांनी कॉकस जिंकून राज्याचे सर्व २६ प्रतिनिधी खिशात घातले. सरकारने घेतलेल्या निवडणुकीतून एकही प्रतिनिधी निवडला गेला नाही. मत कुठे दिले तर मोजले जाईल, हेदेखील पक्षाच्या हाती होते.

मत देण्याचा अधिकार कुणाला, हा पुढचा प्रश्न. न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया, फ्लोरिडा यांसारख्या राज्यांत त्या पक्षाचा मतदार म्हणून आधी नोंदणी केलेल्यालाच त्या पक्षाच्या प्रायमरीत मत देता येते. टेक्सास, मिशिगन, विस्कॉन्सिन येथे मतदारयादीत पक्षाची नोंदच नसते. मतदाराने त्या दिवशी कोणत्याही एका पक्षाची मतपत्रिका मागावी. न्यू हॅम्पशायर मधल्या वाटेवर आहे. तेथे कोणत्याही पक्षाशी न जोडलेल्या मतदाराला दोहोंपैकी एका पक्षाच्या प्रायमरीत भाग घेता येतो. बंद दाराआड निष्ठावंतांचा कौल मिळतो, उघड्या दारातून व्यापक जनमत मिळते. जानेवारी २०२४ मध्ये न्यू हॅम्पशायरमध्ये हेली यांना ४३ टक्के मते मिळाली, त्यामागे पक्षाबाहेरच्या या मतदारांचा मोठा वाटा होता. जेथे केवळ नोंदणीकृत रिपब्लिकनांनाच मत होते तेथे त्यांचा टिकाव लागणे कठीण होते.

मतांचे प्रतिनिधी होताना

मते मोजली गेल्यावर खरे गणित सुरू होते. डेमोक्रॅटिक पक्षाचा नियम देशभर एकच आहे. किमान १५ टक्के मते मिळवणाऱ्या उमेदवारांत प्रतिनिधी मतांच्या प्रमाणात वाटले जातात. समजा, १०० प्रतिनिधींसाठी चार उमेदवारांना ४०, ३०, २० आणि १० टक्के मते मिळाली. चौथ्याच्या वाट्याला शून्य येते आणि उरलेल्या तिघांत साधारण ४५, ३३ आणि २२ अशी वाटणी होते. प्रत्यक्षात हा हिशेब काही अंशी राज्यभर आणि काही अंशी मतदारसंघनिहाय होतो, पण तत्त्व हेच. या पद्धतीत आघाडीवरच्या उमेदवाराला झटपट निर्णायक बढत घेता येत नाही. मागे पडलेलाही आशा धरून राहतो. २००८ मध्ये बराक ओबामा आणि हिलरी क्लिंटन यांची लढत जूनपर्यंत लांबली ती यामुळेच.

रिपब्लिकन पक्षाने राज्यांना बरीच मोकळीक दिली आहे. मार्चच्या मध्यापूर्वी मतदान घेणाऱ्या राज्यांनी काही प्रमाणात वाटणी करावी, एवढे बंधन अलीकडच्या निवडणुकांत होते. त्यानंतर पहिला येईल त्याने सर्व प्रतिनिधी न्यावेत, असेही राज्य ठरवू शकते. आधीच्या टप्प्यातही अपवाद असतात. २०१६ मध्ये साउथ कॅरोलिनात ट्रम्प यांना एक तृतीयांशाहूनही थोडी कमी मते मिळाली, पण राज्याचे सर्वच्या सर्व ५० प्रतिनिधी त्यांना मिळाले. दोन तृतीयांश मतदारांनी इतर उमेदवारांना पसंती दिली होती. त्या पसंतीचे मोल प्रतिनिधींच्या हिशेबात शून्य झाले. तीच मते डेमोक्रॅटिक नियमाने मोजली असती तर चित्र सर्वस्वी वेगळे दिसले असते.

२०२४ पूर्वी कॅलिफोर्नियाच्या रिपब्लिकन शाखेने नियम बदलला. राज्यभरात निम्म्याहून अधिक मते मिळवणाऱ्याला सर्व १६९ प्रतिनिधी द्यायचे ठरले. मतदान होण्याच्या कितीतरी आधी, पक्षाच्या बैठकीत घेतलेल्या या एका निर्णयाने आघाडीच्या उमेदवाराला मोठा लाभ झाला. मतदारांचा कौल पुढे आला, पण तो कोणत्या साच्यात ओतला जाईल हे आधीच ठरून गेले होते.

बंद खोलीतून मतपेटीकडे

ही गुंतागुंत कुणी एका दिवसात रचलेली नाही. एकेका पराभवातून आणि एकेका असंतोषातून ती साकारत गेली. विसाव्या शतकाच्या आरंभी पक्षांचे स्थानिक पुढारी उमेदवार ठरवत. त्याविरुद्ध सुधारणावाद्यांनी प्रायमरीचा आग्रह धरला. १९१२ मध्ये माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी बहुतेक प्रायमरी जिंकल्या, विद्यमान अध्यक्ष विल्यम टाफ्ट यांच्या ओहायो या राज्यातही त्यांना हरवले. शिकागोच्या अधिवेशनात मात्र पक्षयंत्रणा टाफ्ट यांच्या हाती होती आणि उमेदवारी त्यांनाच मिळाली. रूझवेल्ट वेगळ्या पक्षातर्फे लढले, रिपब्लिकन मते फुटली आणि डेमोक्रॅट वुड्रो विल्सन निवडून आले. त्यानंतरही अर्धे शतक प्रायमरी ही केवळ उमेदवाराची लोकप्रियता आजमावण्याची जागा राहिली. १९२४ मध्ये डेमोक्रॅटिक अधिवेशनाला उमेदवार ठरवण्यासाठी मतदानाच्या १०३ फेऱ्या घ्याव्या लागल्या.

खरा कडेलोट १९६८ मध्ये झाला. व्हिएतनाम युद्धाने देश दुभंगला होता. युद्धविरोधी सिनेटर यूजीन मॅकार्थी यांनी न्यू हॅम्पशायरमध्ये अनपेक्षित मते मिळवली आणि महिनाअखेरीस अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी पुन्हा न लढण्याचे जाहीर केले. कॅलिफोर्नियाची प्रायमरी जिंकलेल्या रात्री रॉबर्ट केनेडी यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. ऑगस्टमध्ये शिकागोच्या अधिवेशनाने उमेदवारी दिली ती उपाध्यक्ष ह्युबर्ट हम्फ्री यांना. त्यांनी एकही प्रायमरी लढवली नव्हती. सभागृहाबाहेर पोलीस आणि निदर्शक यांच्यात रक्तरंजित संघर्ष पेटला होता. नोव्हेंबरमध्ये हम्फ्री हरले.

या पराभवानंतर सिनेटर जॉर्ज मॅकगव्हर्न यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमण्यात आला. प्रतिनिधींची निवड खुल्या, पूर्वघोषित आणि लिखित नियमांनी व्हावी, महिला, तरुण आणि कृष्णवर्णीयांना त्यात स्थान मिळावे, अशी त्याची दिशा होती. हे नियम पाळण्याचा सोपा मार्ग म्हणून राज्यांनी प्रायमरी स्वीकारल्या. रिपब्लिकनांनाही त्याच वाटेने जावे लागले. नियम ज्यांच्या देखरेखीखाली तयार झाले ते मॅकगव्हर्न स्वतःच १९७२ चे उमेदवार झाले आणि ५० पैकी ४९ राज्यांत पराभूत झाले. कार्यकर्त्यांना भावणारा उमेदवार देशाला भावेलच असे नाही, हा धडा पक्षपुढाऱ्यांनी त्यातून घेतला. १९८४ पासून डेमोक्रॅटिक अधिवेशनात खासदार, राज्यपाल, पक्षपदाधिकारी यांना पदसिद्ध प्रतिनिधी म्हणून मत मिळाले. प्रायमरीच्या निकालाचे कोणतेही बंधन त्यांच्यावर नव्हते. २०१६ मध्ये ही मंडळी मोठ्या संख्येने हिलरी क्लिंटन यांच्या पाठीशी गेली, तेव्हा बर्नी सँडर्स यांच्या समर्थकांत संताप उसळला. परिणामी २०१८ मध्ये त्यांचे पहिल्या फेरीतील मत, निकाल आधीच स्पष्ट नसेल तर, काढून घेण्यात आले.

सत्ता पुढाऱ्यांकडून मतदारांकडे सरकते, पुढारी तिचा काही भाग परत घेतात, मतदार पुन्हा ओरड करतात. अर्धशतकाचा हा झोका अजून थांबलेला नाही.

आधी कोण, हीच सत्ता

गोव्यातील वाचकांना न्यू हॅम्पशायरचा आकार सहज उमगेल. २०२० च्या जनगणनेनुसार त्या राज्याची लोकसंख्या सुमारे १३ लाख ७७ हजार होती. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या सुमारे १४ लाख ५८ हजार होती. एवढ्याशा राज्याकडे २०२४ मध्ये रिपब्लिकनांच्या २,४२९ प्रतिनिधींपैकी केवळ २२ होते. तरीही १९२० पासून देशातील पहिली प्रायमरी तेथे होते आणि दर चार वर्षांनी इच्छुक उमेदवार तेथील उपाहारगृहांतून, शाळांतून, घरांच्या दिवाणखान्यांतून मते मागत फिरतात. इतर कोणत्याही राज्याच्या किमान सात दिवस आधी आपली प्रायमरी व्हावी, असा कायदाच त्या राज्याने केला आहे.

या मानामागे आकड्यांचे बळ नाही, काळाचे आहे. पहिल्या निकालांनी देणग्यांचा ओघ ठरतो, वृत्तवाहिन्यांचे लक्ष ठरते, कोण टिकणार आणि कोण गळणार हे ठरते. २०२४ मध्ये फ्लोरिडाचे राज्यपाल रॉन डिसँटिस आयोवाच्या निकालानंतर सहाच दिवसांत बाहेर पडले. १५ राज्यांत एकाच दिवशी मतदान झाले ते ५ मार्चला आणि दुसऱ्या दिवशी हेली यांनी मोहीम थांबवली. जूनमध्ये न्यू जर्सीच्या मतदारांनी मतपत्रिका हाती घेतल्या तेव्हा निवडण्यासारखे काही उरले नव्हते. एकाच पक्षाच्या दोन मतदारांच्या मताचे मोल, ते कोणत्या राज्यात राहतात यावरून असे कमीजास्त होते.

म्हणूनच क्रमावरून झगडा होतो. २००८ मध्ये फ्लोरिडा आणि मिशिगन यांनी ठरलेल्या तारखेआधी प्रायमरी घेतल्या, तेव्हा डेमोक्रॅटिक पक्षाने त्यांचे सर्व प्रतिनिधी रद्द केले. वादळ उठल्यावर आधी त्यांना अर्धे मत आणि अखेर अधिवेशनाच्या वेळी पूर्ण मत परत देण्यात आले. २०२४ साठी पक्षाने साउथ कॅरोलिनाला पहिले स्थान दिले. पक्षाचा कणा असलेल्या कृष्णवर्णीय मतदारांचा आवाज आधी उमटावा, हे त्यामागचे कारण सांगण्यात आले. त्याच राज्याने २०२० मध्ये बायडेन यांची बुडती नौका सावरली होती, हेही सर्वांना ठाऊक होते. न्यू हॅम्पशायरने पक्षाचे ऐकले नाही आणि आपल्या कायद्याप्रमाणे २३ जानेवारीलाच मतदान घेतले. बायडेन यांचे नाव मतपत्रिकेवर नव्हते. मतदारांनी ते हाताने लिहून त्यांना विजयी केले.

राज्य आणि पक्ष यांच्या अशा वादांत सर्वोच्च न्यायालयाने बहुतेक वेळा पक्षाची बाजू उचलून धरली आहे. प्रतिनिधींना प्रवेश द्यायचा की नाही, हे राष्ट्रीय पक्ष ठरवू शकतो, असे १९७५ आणि १९८१ मध्ये न्यायालयाने सांगितले. कोणत्याही मतदाराला कोणत्याही पक्षाच्या प्रायमरीत मत देऊ देणारा कॅलिफोर्नियाचा कायदा २००० मध्ये रद्दबातल झाला. पक्ष ही नागरिकांची संघटना आहे आणि आपले प्रतिनिधित्व कुणी करावे हे ठरवण्याचा हक्क तिचा आहे, हा त्यामागचा विचार. राज्यांच्या अधिकाराची दुसरी सीमा मार्च २०२४ मध्ये स्पष्ट झाली. कोलोरॅडोने प्रायमरीच्या मतपत्रिकेवरून ट्रम्प यांचे नाव वगळण्याचा केलेला प्रयत्न न्यायालयाने फेटाळला. बंडखोरीच्या कलमाखाली केंद्रीय पदाच्या उमेदवाराला अपात्र ठरवण्याचा अधिकार एखाद्या राज्याला नाही, असे त्या निकालाने ठरवले.

बेळगाव ते डेट्रॉइट

प्रायमरीचे बळ आणि तिची मर्यादा ही दोन्ही एका मराठी माणसाच्या वाटचालीत पाहता येतात. चिकोडीत जन्मलेले, बेळगावात वाढलेले आणि ‘ही श्रीची इच्छा’ या आत्मकथनामुळे मराठी वाचकांना परिचित असलेले श्री ठाणेदार आज मिशिगनमधून अमेरिकी प्रतिनिधीगृहाचे सदस्य आहेत. २०१८ मध्ये त्यांनी राज्यपालपदासाठी डेमोक्रॅटिक प्रायमरी लढवली आणि ते तिसरे आले. २०२२ मध्ये डेट्रॉइटच्या मतदारसंघातील प्रायमरीत नऊ उमेदवार होते. ठाणेदार सुमारे २८ टक्के मते घेऊन पहिले आले. हा मतदारसंघ डेमोक्रॅटिक पक्षाचा बालेकिल्ला असल्याने खरी निवडणूक ऑगस्टमधील प्रायमरीच होती. नोव्हेंबरची सार्वत्रिक निवडणूक त्यामानाने औपचारिक होती.

कोणत्याही घराण्याचा वारसा नसलेला, दुसऱ्या देशातून आलेला माणूस पक्षश्रेष्ठींची वाट न पाहता स्वतःच्या पैशावर मतदारांसमोर जाऊ शकला, ही प्रायमरीची देणगी. दहापैकी सात मतदारांनी दुसऱ्या कुणाला मत दिले असतानाही उमेदवारी मिळाली, ही तिची मर्यादा. पैसा नसलेल्या उमेदवारासाठी हेच दार कितपत उघडे असते, हा प्रश्नही त्यासोबत येतो.

उमेदवार बदलता आला नाही तरी प्रायमरीतून मतदार संदेश देऊ शकतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच मिशिगनमध्ये गाझातील युद्धाच्या निषेधार्थ १ लाखाहून अधिक डेमोक्रॅटिक मतदारांनी बायडेन यांच्याऐवजी ‘कुणाशीही बांधील नाही’ या पर्यायासमोर खूण केली. पक्षातील नाराजी सार्वत्रिक निवडणुकीच्या सुमारे आठ महिने आधी आकड्यांत मोजली गेली. ती ऐकायची की नाही, हे नेतृत्वावर होते.

वचन आणि सदसद्विवेक

आता पुन्हा जुलै २०२४ कडे. बायडेन यांच्या नावावर निवडलेले प्रतिनिधी हॅरिस यांच्याकडे कसे वळू शकले? डेमोक्रॅटिक नियमानुसार प्रतिनिधीने आपल्याला निवडणाऱ्यांच्या भावना सदसद्विवेकाला स्मरून व्यक्त कराव्यात, एवढीच अपेक्षा असते. कायद्याचा दंडुका त्यामागे नाही. रिपब्लिकन पक्षात बंधन अधिक कडक आहे. प्रतिनिधी काहीही म्हणाला तरी राज्याच्या कौलाप्रमाणेच त्याचे मत नोंदवण्याची तरतूद तेथे आहे. १९८० मध्ये एडवर्ड केनेडी यांनी डेमोक्रॅटिक प्रतिनिधींना प्रायमरीच्या बंधनातून मुक्त करावे अशी मागणी अधिवेशनात केली होती. ती फेटाळली गेली आणि जिमी कार्टर उमेदवार राहिले. कार्टर रिंगणात होते, बायडेन स्वतःहून बाहेर पडले, हा दोन प्रसंगांतील कळीचा फरक. ज्याला वचन दिले त्यानेच ते परत केले, तेव्हा प्रतिनिधी मोकळे झाले. वेळ इतका कमी होता की मतदारांकडे पुन्हा जाणे शक्य नव्हते. सत्ता तीन पायऱ्या उतरून पुन्हा पक्षाच्या सभागृहात आली.

वचनाने माणूस किती बांधला जातो, हा प्रश्न गोव्याला परका नाही. २०२२ च्या विधानसभा निवडणुकीपूर्वी काँग्रेसच्या उमेदवारांनी देऊळ, चर्च आणि दर्गा अशा तिन्ही ठिकाणी पक्ष न सोडण्याच्या शपथा घेतल्या होत्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पक्षाच्या ११ पैकी आठ आमदारांनी भाजपमध्ये प्रवेश केला. अमेरिकी प्रतिनिधीवर उमेदवाराचे वचन असते आणि त्यामागे राज्यातील मतदारांचा नोंदवलेला कौल असतो. भारतात उमेदवारी कुणी दिली याचा दस्तऐवज म्हणजे पक्षाच्या अधिकृत पदाधिकाऱ्याच्या सहीचा एबी फॉर्म. तो कोणत्या चर्चेनंतर, कुणाच्या शिफारशीने आणि कोणत्या निकषावर हाती पडला, याची नोंद कुठेही नसते. कायदाही ती मागत नाही.

प्रायमरीचा प्रयोग भारतात झालाच नाही असे नाही. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीपूर्वी काँग्रेसने मोजक्या मतदारसंघांत उमेदवार निवडण्यासाठी पक्षांतर्गत मतदान घेतले. मतदार होते ते पक्षाचे पदाधिकारी आणि कार्यकर्ते. त्यात वडोदराही होते. तेथे नरेंद्र रावत निवडले गेले. पुढे नरेंद्र मोदी वडोदरातून लढणार हे जाहीर झाले, रावत बाजूला झाले आणि पक्षाने मधुसूदन मिस्त्री यांना उभे केले. मोदी ५ लाख ७० हजारांहून अधिक मताधिक्याने निवडून आले. रावत राहिले असते तर निकाल बदलला असता असे म्हणता येत नाही. कसोटीचा क्षण येताच कार्यकर्त्यांचा कौल मागे पडला, हे मात्र नोंदवण्याजोगे आहे.

अमेरिकी पद्धत जशीच्या तशी उचलावी असे तिचे चरित्र नाही. ती खर्चिक आहे, लांबट आहे, उत्साही अल्पसंख्येच्या हाती मोठी सत्ता देणारी आहे आणि छोट्या राज्याच्या तारखेवर मोठ्या देशाचे भवितव्य टांगणारी आहे. तरीही तिच्यात एक गोष्ट पक्की आहे. कुणाला मत, केव्हा मत, किती मतांना किती प्रतिनिधी आणि प्रतिनिधीवर किती बंधन, हे सारे आधीच लिहून ठेवलेले असते. ते बदलायचे तर उघडपणे बदलावे लागते आणि बदलणाऱ्याला जाब विचारता येतो. १९६८ च्या पराभवातून अमेरिकी पक्षांनी उचललेला धडा हा होता. उमेदवार निवडण्याची पद्धत गुप्त राहिली तर तिच्याविषयीचा अविश्वास रस्त्यावर येतो.

२०२८ साठी कोणते राज्य पहिले, यावरची ओढाताण म्हणूनच क्षुल्लक नाही. आयोवा, न्यू हॅम्पशायर, नेवाडा, साउथ कॅरोलिना यांपैकी कुणाला अग्रमान मिळतो, यावर कोणत्या इच्छुकाला चाल मिळेल हे बऱ्याच अंशी ठरेल. मतदार मतपत्रिका हाती घेतील तेव्हा खेळाचा अर्धा भाग खेळून झालेला असेल. फरक इतकाच, की तो अर्धा भाग कोणत्या नियमांनी खेळला गेला हे तेथील मतदाराला आधीच वाचता येईल. पणजीत, बेळगावात किंवा वडोदरात एबी फॉर्म कुणाच्या हाती पडतो हे पाहत थांबणाऱ्या कार्यकर्त्याला आज तेवढीही सोय नाही.